गळ्यातली काळी रेघ

हडपसर सोडून सोलापूर रस्त्याने पुढे गेलं, की मुळा-मुठेवर कवडीपाटचा जुना बंधारा आहे. आमच्या घरापासून गाडीवर वीस मिनिटं. हिवाळ्यातल्या रविवारी पहाटे तिथे पोचायचं, तासभर थांबायचं, मिळतील ते फोटो काढायचे आणि नाश्त्याला घरी परतायचं, हा माझा चार वर्षांचा शिरस्ता. हातात झूमचा साधा कॅमेरा असतो, एवढंच.

पुण्याचं सांडपाणी पोटात घेऊन नदी इथवर येते. बंधाऱ्याखाली फेस, दगडांना अडकलेल्या पिशव्या, कडेला जलपर्णी. त्यावरूनच पांढरा धोबी शेपटी वरखाली करत माश्या टिपत फिरतो. थापट्या बदकं पसरट चोचीने पाणी गाळत सरकतात. सुरुवातीला मी फोटोतला कचरा कापून टाकत असे. आता तो ठेवतो. हे पाहुणे नेमके कशात उतरतात, तेही त्या फोटोत दिसायला हवं.

माझा सगळ्यात लाडका पक्षी चक्रवाक. लडाख, तिबेट, मंगोलिया अशा उंच, थंड मुलखात बिळांमध्ये अंडी घालणारं हे नारिंगी बदक. संस्कृत काव्याने या जोडीला रात्रभराच्या ताटातुटीचा शाप दिला. माझ्या फोटोंत मात्र नर-मादी बहुधा शेजारी शेजारीच असतात.

पहिल्या वर्षी मला त्यांचा उडतानाचा फोटो हवा होता. पंख उघडले की पांढरा-काळा रंग झळकतो, त्याचा मोह. मी सरळ थव्याच्या दिशेने चालत गेलो. सगळे ओरडत उठले आणि त्या सकाळी परत आले नाहीत. काठावर जाळं सोडवत बसलेले एक मामा म्हणाले, "बसू द्या की त्यास्नी. लई लांबनं आल्यात." फोटो चांगला आला होता, मी तो कुणालाच दाखवला नाही. परतीच्या प्रवासासाठी साठवायची चरबी अशा प्रत्येक फुकटच्या भरारीत जळते, हे मला नंतर वाचून कळलं.

तेव्हापासून मी एका दगडावर बसून राहतो. त्यातूनच एक गोष्ट हाती लागली. मागच्या हिवाळ्याचे फोटो तारखेने लावताना दिसलं, की नोव्हेंबरमधल्या चक्रवाकांची मान सलग फिकट आहे. फेब्रुवारीच्या फोटोंत मात्र काहींच्या गळ्याभोवती बारीक काळी रेघ. ते नर होते. विणीचा हंगाम जवळ आला की त्यांच्या गळ्यात हा गोफ येतो. पुस्तकात हे एका ओळीत आहे, पण मला ते माझ्याच धूसर फोटोंनी शिकवलं. यातला एकही फोटो स्पर्धेला पाठवण्याजोगा नाही.

तुमच्या मोबाइलमध्येही असे फोटो पडून असतील. पुसू नका. तारीख आणि ठिकाण लिहून ते ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवा, आणि पुढच्या रविवारी पाणवठ्यावर गेलात तर पक्ष्यांना बसलेलेच राहू द्या.