जोर कुठे द्यायचा, बॉस?

कोपनहेगनला ऑनसाइट निघालाय? थर्मल्स घेतले, मेतकूट-चटण्या बॅगेत कोंबल्या? मग आता थोडा तिथल्या शब्दांचा विचार करा. इथले शब्द म्हणजे मालगाडी. डब्याला डबा जोडत जायचं, मध्ये जागा सोडायची नाही!

मेट्रोची एम-थ्री लाइनच घ्या. 2019 मध्ये सुरू झालेली, ड्रायव्हर नसलेली, 17 स्टेशनांचा गोल फेरा मारणारी. त्यातलं एक स्टेशन ‘रॉधुसप्लॅसन’. पाटी वाचतानाच धाप लागते. पण जरा सांधे शोधा. ‘रॉध’ म्हणजे सभा, ‘हुस’ म्हणजे घर, ‘प्लॅस’ म्हणजे चौक आणि शेवटचा ‘न’ म्हणजे इंग्रजीतला ‘द’. थोडक्यात, टाउन हॉल चौक! जिना चढून वर आलात की 1905 मध्ये पूर्ण झालेला लाल विटांचा टाउन हॉल समोर उभा.

तोडणं जमलं की अर्धं काम फत्ते. उरलेलं अर्धं म्हणजे जोर. मराठीत आपण सगळी अक्षरं बऱ्यापैकी सारख्या वजनाने म्हणतो. डॅनिश माणूस जोडशब्दाच्या पहिल्या तुकड्यावर दणकून जोर देतो, पुढचे तुकडे हलकेच उरकतो आणि शेवटची अक्षरं तर चक्क गिळतो.

जोर हलला की अर्थही हलतो. ‘डॅन्स्क’ आणि ‘लेअर’ हे दोन सुटे शब्द, दोन्हींवर जोर देऊन म्हटले तर अर्थ होतो डेन्मार्कचा शिक्षक, मग तो गणित का शिकवेना. तेच जोडून, मुख्य जोर फक्त ‘डॅन्स्क’वर दिला तर डॅनिश भाषेचा शिक्षक, मग तो नागपूरचा का असेना!

तुमच्या कामाचा शब्द म्हणजे राहण्याचा परवाना, ‘ऑपहॉल्सटिलेधल्से’. ‘ऑपहॉल’ म्हणजे मुक्काम, ‘टिलेधल्से’ म्हणजे परवानगी, सांध्याला एक ‘स’. मुख्य जोर अगदी सुरुवातीच्या ‘ऑप’वर.

अर्थात, नियम आला की अपवाद आलाच. ‘नोरेब्रो’ या भागाच्या नावात जोर शेवटच्या ‘ब्रो’वर. आणि खुद्द शहराचं डॅनिश नाव ‘क्योबनहाउन’, म्हणजे व्यापाऱ्यांचं बंदर. तिथेही जोर शेवटच्या ‘हाउन’वर!

हे सगळं कशाला? इंग्रजीवर भागतं की! भागतं, खरंय. जोर चुकला की समोरचा सौजन्याने इंग्रजीवर येतो आणि काम होऊन जातं. पण लंच टेबलवरचे जोक्स काही कुणी भाषांतर करून सांगत नाही.

तेव्हा पहिल्या रविवारी एम-थ्रीत बसा, हेडफोन काढा आणि स्टेशनांची अनाउन्समेंट ऐका. पूर्ण फेरा 24 मिनिटांचा. यापेक्षा स्वस्त डॅनिश क्लास कुठे मिळणार?