अंगठी कोणासाठी?

विवाह ठरला की दोन्ही घरी याद्या होऊ लागतात. कापड, मिठाई, मानपान यांच्या त्या लांबलचक यादीत अंगठी ही एक लहानशी नोंद असते. तरीही तिच्यावरून होणारी चर्चा लहान नसते. वाङ्निश्चयात पूर्वी मान होता तो साखरेच्या पुड्याला. साखरपुडा हे नावच त्यावरून पडले. अंगठ्यांची अदलाबदल या समारंभाच्या केंद्रस्थानी आली ती त्यामानाने अलीकडे. हिऱ्याच्या अंगठीची आजची प्रतिष्ठा तर पुष्कळशी पाश्चात्त्य बाजारपेठेने घडवलेली आहे. हिऱ्याला चिरंतनाचे प्रतीक ठरवणारे डी बीअर्स कंपनीचे प्रसिद्ध जाहिरातवाक्य १९४७ सालचे. मात्र हिरा जैन समाजाला परका नाही. पालनपूरच्या जैन कुटुंबांनी हा व्यापार मुंबईपासून बेल्जियममधील अँटवर्पपर्यंत नेला. ज्या समाजाला माल पारखण्याची सवय आहे, त्याने अंगठीही डोळसपणे निवडावी, हे उचितच होय.

सराफी पेढीवर आज मुख्यतः चार-पाच घाट दिसतात. सर्वांत लोकप्रिय ती एकाच खड्याची सॉलिटेअर. तिच्यात सोन्याच्या बारीक नख्यांनी हिरा उंच उचलून धरलेला असतो, त्यामुळे त्याला सर्व बाजूंनी प्रकाश मिळतो. न्यूयॉर्कच्या टिफनी पेढीने सहा नख्यांची अशी बसवणी १८८६ साली प्रचारात आणली आणि जगभर तिचे अनुकरण झाले. दुसऱ्या घाटात मधल्या हिऱ्याभोवती बारीक हिऱ्यांची प्रभावळ असते. तिच्यामुळे मधला खडा आहे त्याहून मोठा भासतो. तिसरा घाट तीन खड्यांचा. चौथ्यात खडा सोन्याच्या पट्टीने चहूबाजूंनी बंद केलेला असतो. झळाळी किंचित कमी, पण खडा सुरक्षित आणि कड गुळगुळीत. पाचवे, सोन्याचे किंवा प्लॅटिनमचे साधे वळे. ते हल्ली वधूवरांसाठी जोडीने घेतले जाते.

यांतून निवड कोणत्या कसोटीवर करावी, हे सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याच्या घरी घडलेल्या प्रसंगावरून ध्यानात येते. मुलाचा विवाह इचलकरंजीच्या साड्यांच्या व्यापाऱ्याच्या कन्येशी ठरला होता. मुलगी शिकलेली आणि वडिलांच्या दुकानात रोज उभी राहणारी. वडिलांनी सराफाकडे एक कॅरटची, उंच बसवणीची सॉलिटेअर बोलूनही ठेवली होती. मध्यंतरी मुलगा बहिणीसह त्या दुकानात गेला असता एका ग्राहक बाईंच्या अंगठीच्या नखीत साडीचा धागा अडकला. मुलीने एक शब्दही न बोलता तो अलगद सोडवला आणि साडी बाजूला ठेवून दुसरी उलगडली. मुलाने ते पाहिले.

घरी येऊन तो म्हणाला, “अण्णा, ही अंगठी तिला दुकानात रोज काढून ठेवावी लागेल.”

“साखरपुड्याला तीनशे माणसं येणार. व्याह्यांपुढे आपली पत राहायला नको का?” वडिलांनी विचारले.

उत्तर आले ते आजीकडून. “तुझ्या वडिलांनी मला घातलेली अंगठी बँकेच्या लॉकरात आहे बाळा. तुझ्या आणि तुझ्या बहिणीच्या लग्नात, दोनदाच काय ती बोटात गेली. बाकी सारी वर्षं बोट मोकळंच.”

वडील त्या दिवशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच व्याह्यांना फोन करून मुलीची आवड विचारली. “रोज वापरता येईल अशी असावी,” एवढाच निरोप आला. अखेर अर्ध्या कॅरटचा, बंद कोंदणाचा हिरा ठरला आणि वाचलेली रक्कम विवाहानंतर सुनेच्या नावे मुदत ठेवीत गेली. आज ती अंगठी दुकानाच्या गल्ल्यावरही तिच्या बोटात असते.

ही कसोटी वराच्या अंगठीलाही लागू आहे. गोदामात पोती मोजणाऱ्या किंवा यंत्रावर काम करणाऱ्याला जाड, बसकी आणि कोपरे नसलेली अंगठीच मानवते. खड्याचेही तसेच. काठिण्याच्या मोजपट्टीवर हिरा १०, माणिक व नीलम ९ आणि पाचू साधारण साडेसात ते आठ. त्यातून पाचू ठिसूळ, म्हणून कामाच्या हातासाठी तो जपून निवडावा. मोती शिंपल्यातील जीवाच्या देहातून येतो, याचा अहिंसेच्या दृष्टीने विचार ज्याचा त्याने करावा. प्रयोगशाळेत घडवलेला हिरा रचनेने व काठिण्याने खाणीतल्या हिऱ्यासारखाच असतो. तो पुष्कळ स्वस्त मिळतो. परंतु पुनर्विक्रीत त्याला फारसे मोल येत नाही. तो घेण्यात उणेपणा काहीच नाही. मात्र तो कोणता हे दोन्ही घरांना स्पष्ट सांगावे. संबंधाचा आरंभ लपवाछपवीने होऊ नये.

व्यवहाराच्या गोष्टी थोड्या, पण महत्त्वाच्या. २२ कॅरटचे सोने मऊ असते; हिऱ्याच्या अंगठीला १८ कॅरटचे, म्हणजे ७५० शुद्धतेचे, अधिक टिकाऊ. हॉलमार्कबरोबर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक पाहावा आणि तो बीआयएस केअर ॲपवर पडताळावा. बिलात सोने, हिरा आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, हे लक्षात ठेवावे. बोटाचे माप सकाळी आणि संध्याकाळी असे दोनदा घ्यावे, कारण उष्म्याने बोट किंचित फुगते. वळ्यावर सभोवार खडे असलेल्या अंगठीचे माप पुढे बदलणे कठीण जाते. वधूला दिलेली अंगठी हे तिचे स्त्रीधन आहे, याचेही भान असावे.

श्रावकाच्या पाच अणुव्रतांत परिग्रहाला मर्यादा घालण्याचे व्रत आहे. मर्यादा म्हणजे कंजूषपणा नव्हे. वस्तू कशासाठी हवी, याचा विवेक होय. समारंभ एका संध्याकाळी आटोपतो, अंगठी पुढची चाळीस-पन्नास वर्षे त्या हातात राहायची असते. म्हणून सराफाकडे जाण्यापूर्वी ती ज्याच्या बोटात जाणार त्याला एकदा विचारावे.