शनिशिंगणापूरला जाताना

शिर्डीचा बेत ठरला की त्याला शनिशिंगणापूर जोडण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. राहुरी-सोनई मार्गे अंतर सुमारे 70 किलोमीटर. दुपारी निघायचे, दर्शन उरकायचे आणि रात्रीपर्यंत घर गाठायचे. एवढ्या घाईत देव दिसतो, गाव दिसत नाही. माझ्या मते तेथे पाहण्याजोगे जे आहे, त्यातील निम्मे गावात आहे. म्हणून शिंगणापूरसाठी स्वतंत्र दिवस काढावा.

तो निवडताना आधी पंचांग पाहावे. शनी अमावास्या आणि वैशाख अमावास्येची शनिजयंती या दिवशी गर्दी अफाट असते. साधा शनिवारही वयस्करांना झेपत नाही. मंगळवार-बुधवारची सकाळ उत्तम. पुण्याहून सुमारे 160 किलोमीटर अंतर आहे. अहिल्यानगर ओलांडून छत्रपती संभाजीनगरच्या महामार्गाने घोडेगावपर्यंत यावे आणि तेथून आत वळावे. पुढे पाच-सहा किलोमीटरच उरतात. घोडेगावला कांद्याचा मोठा बाजार भरतो, तेव्हा ट्रॅक्टरांच्या रांगांसाठी थोडा वेळ हाताशी ठेवावा. देवस्थानाचे प्रसादालय आहे. तथापि कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांनी आणि सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी शिदोरी बरोबर घेतलेली बरी.

वाटेवर गाडीला हात दाखवून पार्किंग, पूजासाहित्य आणि झटपट दर्शनाची हमी देणारे जे भेटतात, त्यांना स्थानिक लोक 'लटकू' म्हणतात. नावातच सारे आले. त्यांच्यासाठी गाडी थांबवू नये, आणि थांबलीच तर भाव ठरल्याशिवाय ताट हाती घेऊ नये. तेलाबाबत आता नियम झाला आहे. भेसळीच्या तेलाने शिळेची झीज होते म्हणून मार्च 2025 पासून शुद्ध, ब्रँडेड तेलच वाहावे, असे ठरले.

सुमारे साडेपाच फुटांची ती काळी शिळा उघड्या चौथऱ्यावर, ऊनपावसात उभी आहे. वर ना कळस, ना छत. पानसनाल्याच्या पुरात ती वाहत आली, अशी आख्यायिका सांगतात. चौथऱ्यावर स्त्रियांना मज्जाव असे. आंदोलन आणि उच्च न्यायालयातील सुनावणी यांनंतर 8 एप्रिल 2016 रोजी, गुढीपाडव्याला, तो उठला. लेकी-सुनांना घेऊन जाणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

दर्शनानंतर तासभर गावात पायी फिरावे. जुन्या घरांना चौकट आहे, कवाड नाही. कुत्री आत शिरू नयेत म्हणून कोठे फळी टेकवलेली, कोठे पडदा सोडलेला. शनिदेव राखण करतो, मग कुलूप कशाला, ही गावाची धारणा. माझ्या नोकरीत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असत आणि एकाच्या विश्वासावर ती कधीच उघडली जात नसे. त्यामुळे 2011 च्या जानेवारीत युको बँकेने येथे कुलूपविरहित शाखा उघडली, तेव्हा आम्हा बँकवाल्यांत बरीच चर्चा झाली. बँकेने दर्शनी दार काचेचे ठेवले आणि त्याला सहज नजरेस न येणारी, विद्युतचुंबकावर चालणारी कळ बसवली. मला ही तडजोड शहाणपणाची वाटते. गावाची श्रद्धाही राखली आणि ठेवीदाराची रक्कमही.

पाहुण्यांनी मात्र आपली गाडी कुलूपबंदच ठेवावी. 2010 मध्ये एका परगावच्या भाविकाच्या वाहनातून ऐवज गेल्याची तक्रार झाली होती, आणि 2015 पासून गावात पोलीस ठाणेही आहे. त्याहून मोठा धोका आता मोबाइलमध्ये आहे. देवस्थानाच्या नावाने बनावट ॲप काढून, ऑनलाइन पूजेच्या निमित्ताने भाविकांकडून पैसे घेतल्याचे प्रकरण 2025 मध्ये पोलिसांत गेले. ज्या गावात घराला कडी नाही, त्याच गावाच्या नावावर हे घडावे, याचा मला विषाद वाटतो. अभिषेकाची वा देणगीची रक्कम देवस्थानाच्या खिडकीवरच भरावी, पावती तेथेच वाचून पाहावी आणि ती घरी येईपर्यंत जपावी.

दोनच्या सुमारास निघाल्यास महामार्गाने पुढे नेवासे गाठता येते. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली असे मानतात, तो पैस खांब तेथे आहे; अर्धा तास पुरतो, आणि शिदोरी उघडायला प्रवरेचा काठही जवळच आहे.