ओसरीवरचे कारखाने

बडोद्यास जाणारा प्रवासी लक्ष्मीविलास राजवाडा पाहतो, सयाजीबागेत फिरतो, मांडवीच्या बाजारात डोकावतो आणि परतताना लिलो चेवडो घेऊन गाडीत बसतो. इंदुराहून रतलाममार्गे बडोद्याचा प्रवास आजवर मीही अनेकदा केला आणि हे सारे पाहिले. परंतु गेल्या हिवाळ्यात आठ दिवस माझ्या मेहुण्यांकडे रावपुऱ्यात मुक्काम पडला आणि त्यांच्या सोबतीने एक निराळेच बडोदे पाहावयास मिळाले. हे बडोदे कोणत्याही मार्गदर्शिकेत नाही. ते ओसरीवर, जिन्याखाली, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत वसलेले आहे. तेथे एखादे बाक, एक व्हाइस, भिंतीवर खिळ्यांना टांगलेली हत्यारे आणि मध्यभागी चष्मा कपाळावर चढवून बसलेले एखादे पेन्शनर गृहस्थ, एवढाच सरंजाम असतो. या मंडळींना आपल्या वस्तू विकावयाच्या नसतात. केवळ हाताला चैन पडत नाही म्हणून ती काहीतरी घडवीत असतात.

मेहुणे म्हणाले, “भाऊसाहेब, तुम्ही मास्तर माणूस. देवळे पुष्कळ पाहिलीत, आता आमचे विश्वकर्मे पाहा.”

पहिले विश्वकर्मे आप्पा. प्रतापनगरच्या रेल्वेत त्यांची सारी नोकरी झाली. आता वय अठ्ठ्याहत्तर. घराच्या मागील पडवीत त्यांनी राजकोटच्या बनावटीचा एक लहानसा लेथ बसविला आहे. त्यावर ते आगगाडी घडवीत आहेत. पण ती कोणती, हे ऐकून मी चकित झालो. गायकवाड सरकारने 1862 साली डभोई ते मियागाम असा सुमारे बत्तीस किलोमीटरांचा अरुंद रुळांचा लोहमार्ग घातला. त्या रुळांवर प्रथम बैल गाडी ओढीत असत! रूळ हलके असल्याने इंजिनाचा भार त्यांना पेलवेना. वाफेच्या इंजिनांचा नियमित वापर पुढे बऱ्याच वर्षांनी सुरू झाला. आप्पांना या दोन्ही गाड्या करावयाच्या आहेत, बैलांचीही आणि वाफेचीही.

मूळ रुळांमधील अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. आप्पांनी प्रमाण धरले आहे चोविसास एक. म्हणून त्यांच्या रुळांमधील अंतर भरते 32 मिलिमीटरांस किंचित कमी. बैलांचा डबा सागवानी लाकडाचा आहे आणि पितळेची चाके लेथवर कातलेली आहेत. इंजिनाचा बॉयलर तांब्याचा. त्याला चांदीचा डाक दिलेला. साधा डाक वाफेच्या उष्णतेने मऊ पडतो, म्हणून हा खर्च. तयार बॉयलर एकदम विस्तवावर ठेवीत नाहीत. तो आधी पाण्याने काठोकाठ भरावयाचा आणि हातपंपाने नेहमीच्या दुप्पट दाब देऊन पाहावयाचा. वाफ कोंडून असा दाब दिला आणि सांधा फुटला तर तुकडे अंगावर येतात. पाणी दाबाने फारसे आकसत नाही, म्हणून सांधा फुटला तरी नुसते ठिबकते आणि दाब उतरतो. “धोका आधी पाण्यात पाहावा,” आप्पा म्हणाले. हे वाक्य शाळेच्या फळ्यावर लिहिण्याजोगे आहे, असे मला वाटले.

त्यांच्या तोंडची भाषा ऐकणे हाही एक आनंदच. इंचाचे आठ सूत हे माप अजून त्यांच्या बोटांत आहे. रंधा, कानस, पक्कड, गुण्या हे शब्द आपलेच. पण आमच्या इंदुरात ज्याला पेचकस म्हणतात, त्याला बडोद्याचा मराठी माणूस शेजारच्या गुजराती कारागिरासारखा ‘डिसमिस’ म्हणतो! तीन पिढ्या शेजारी नांदल्या की पाककृतींची देवघेव होते. हत्यारांच्या नावांचीही होते, हे येथे कळले.

दुसरे घर एका निवृत्त विज्ञानशिक्षकांचे. त्यांच्या गच्चीवरील खोलीत ऐन दुपारी अंधार केलेला होता. पुण्याच्या आयुका संस्थेच्या शिबिरात ते दुर्बिणीचा आरसा घासावयास शिकले आणि तेव्हापासून त्यांना दुसरे काही सुचत नाही. काचेच्या दोन जाड चकत्या एकावर एक ठेवून मध्ये कार्बोरंडमची पूड व पाणी घालावयाचे आणि वरची चकती मागेपुढे घासावयाची. थोड्या थोड्या वेळाने चकती फिरवायची, आपणही बाकाभोवती एक पाऊल सरकायचे. एवढ्याने वरची काच आपोआप खोलगट होते, खालची फुगीर. दीडशे मिलिमीटर व्यासाच्या आरशाचा नाभीय अंतर बाराशे मिलिमीटर हवा असेल, तर मध्यभागी खोली लागते सव्वा मिलिमीटरांहूनही किंचित कमी. एवढ्यासाठी कित्येक संध्याकाळ! पुढे अधिकाधिक बारीक पूड आणि शेवटी राळेच्या थरावर सेरियम ऑक्साइडचे पॉलिश.

खरी मौज तपासणीत आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ फूको याने एकोणिसाव्या शतकात सुचविलेली युक्ती आजही घरोघर चालते: बारीक छिद्रातून आलेला प्रकाश आरशावर पाडावयाचा आणि परत येणारे किरण जेथे एकत्र येतात, तेथे दाढीच्या पात्याची धार हळूच आडवी सरकवावयाची. आरशावरचे उंचसखल छायाप्रकाशात डोंगरदऱ्यांसारखे दिसू लागते. मास्तरांनी माझा अंगठा क्षणभर काचेवर टेकवला आणि मग मला पाहावयास सांगितले. अंगठ्याच्या उबेने काच तेवढीच फुगली होती. तेथे टेकाड दिसत होते! ते निवेपर्यंत आम्ही दोघे गप्प बसलो. पदार्थ उष्णतेने प्रसरण पावतात, हे वाक्य मी वर्गावर्गांतून ऐकत आलो आहे. डोळ्यांनी ते त्या दिवशी पाहिले.

तिसऱ्या घरी गणपतीच्या हलत्या देखाव्याची तयारी आठ महिने आधीच सुरू होती. सासरे वीज मंडळातून निवृत्त, सून इंजिनियर. गोवर्धन पर्वत उचलला जातो आणि गोकुळातील काठ्या एकेक करून वर होतात, असा प्रसंग. मोटारीच्या काचेवरचे पाणी पुसणारी जुनी मोटर त्यांनी शुक्रवारच्या जुन्या बाजारातून आणली. तिच्यात फेरे कमी करणारी चक्रे आधीच असतात आणि ती बारा व्होल्टांवर चालते, त्यामुळे पोरांच्या हातांनाही भय नाही. मोटर गोल फिरणार आणि पर्वत मात्र वरखाली व्हावयास हवा. त्यासाठी अंडाकृती लाकडी चकती. पर्वत वर जाताना धक्का बसत होता. सून म्हणाली, “बाबा, चकतीचा उतार अजून घासायला हवा.” सासऱ्यांनी मुकाट्याने कानस तिच्या हाती दिली. घरातील मानपान त्या बाकाशी काही वेगळेच असावेत!

हे सारे बडोद्यातच इतके का रुजले, याचे उत्तर दांडिया बाजारच्या बाजूला गेल्यावर मिळते. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1890 साली येथे कलाभवन स्थापिले आणि त्याची धुरा प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्यावर सोपविली. गज्जर मूळचे सुरतेचे, सुतार घराण्यातले आणि रसायनशास्त्राचे पंडित. हुन्नर हा लोकांच्या भाषेतून शिकविला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. ज्यांच्या हातांत कसब आहे पण इंग्रजी विद्या नाही, अशांनाही शास्त्र कळावे, ही त्यामागील दृष्टी. कलाभवन पुढे महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयात विलीन झाले आणि तेथे आज अभियांत्रिकीचे शिक्षण चालते.

याच कलाभवनात 1890 च्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके नावाचा तरुण छायाचित्रण आणि इतर कला शिकून गेला. 1912 साली विलायतेहून चित्रपटाचा कॅमेरा आणल्यावर त्यांनी दादरच्या राहत्या घरातच प्रयोग आरंभले. कुंडीतील रोपाची वाढ दिवसांमागून दिवस एकेक चित्र घेऊन त्यांनी टिपली. फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे किचकट काम सरस्वतीबाई अंधारात करीत. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली लोकांनी पाहिला. पण भारतीय चित्रपटाचा पाया एका मराठी घरगुती कारखान्यात घातला गेला, ही गोष्ट आपण सहसा ध्यानी घेत नाही. बाईंच्या त्या भोके पाडणाऱ्या हातांची आठवण मला गोवर्धनाची चकती घासणाऱ्या सुनेकडे पाहताना झाली.

चौथे घर मात्र शांत होते. जिन्याखालच्या बाकावर धूळ बसलेली. घरधनी दोन वर्षांपूर्वी निवर्तले, मुलगा कॅनडात. काकू एकट्याच. भिंतीवर हत्यारे अजून ओळीने टांगलेली होती आणि एका पत्र्याच्या पेटीत लाकडाचे व लोखंडाचे चाळीसएक लहान साचे. भंगारवाला सकाळीच येऊन गेला होता. “तो म्हणतो, किलोवर घेतो,” काकू म्हणाल्या. “यांनी एकेक साचा करायला महिना महिना घालवला. किलोवर कसं देऊ हो? पण ठेवून तरी कोणासाठी ठेवू?”

मेहुण्यांनी दुसऱ्या दिवशी आप्पांना तेथे नेले. आप्पांनी पेटी ओटीवर उपडी केली आणि एकेक साचा डोळ्यांजवळ धरून पाहू लागले. हा हार्मोनियमच्या पट्ट्या एकसारख्या कापण्याचा. हा घड्याळाचे चक्र धरण्याचा. हा खुर्चीच्या पायाला तिरके भोक पाडण्याचा. मी कागदाच्या चिठ्ठ्या लिहीत गेलो, काकू दोऱ्याने बांधीत गेल्या. संध्याकाळपर्यंत सत्तावीस साचे ओळखले गेले. उरलेले हाती घेऊन आप्पा पुष्कळ वेळ फिरवीत राहिले आणि शेवटी म्हणाले, “हे त्यालाच ठाऊक.” ती तेरा लोखंडे त्या घरात आता मुकी झाली आहेत. काकूंनी भंगारवाल्यास तूर्त नकार कळविला.

ग्रंथात लिहिलेली विद्या ग्रंथालय जळाले तरी कोठेतरी उरते. हाताची विद्या हाताबरोबर जाते. हत्यारे मागे राहतात, पण त्यांचे बोलणे जाते आणि मग त्यांची किंमत वजनावर होते. बाहेरप्रांती राहणाऱ्या आपल्या मराठी घरांत ही हानी दुहेरी आहे, कारण या विद्येसोबत आपले शब्दही जातात. गुण्या आणि ओळंबा हे शब्द कोशात शोधून मुलाच्या जिभेवर येत नाहीत. ते वस्तू हातात घेतल्यावरच येतात.

शाळांनी हे काम करावे, असे बोलणे फार जुने आहे. 1977 साली ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य हा विषय सुचविला. पुष्कळ शाळांत तो कागदी फुलांपर्यंत येऊन थांबला, हे मी शाळेच्या आतूनच पाहिले आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत. त्या दिवसांत मुलांनी गावातील सुतार, माळी, कुंभार अशा कसबी माणसांपाशी शिकावे, अशी कल्पना आहे. त्या यादीत ओसरीवरच्या या विश्वकर्म्यांची भर घालण्यास सरकारी परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. इमारत नको, अनुदान नको. चार मुले, एक आप्पा आणि एक बाक पुरे.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी, मग ते इंदुरात असो, ग्वाल्हेरीस असो, बेळगावास वा हैदराबादेस, माळ्यावर अशी एखादी पेटी असेल. ती खाली उतरवावी. तिचा धनी हयात असेल तर त्यास शेजारी बसवून प्रत्येक वस्तूचे नाव आणि काम चिठ्ठीवर लिहून घ्यावे आणि नातवंडाच्या हातून ती चिठ्ठी बांधवावी. एका सुटीचे हे काम आहे. बडोद्यात आता दर रविवारी काकूंच्या जिन्याखाली गल्लीतील तीन मुले येतात, असे मेहुण्यांचे पत्र आहे. त्यांनी पहिल्या महिन्यात केलेला पाट थोडा डुगडुगतो. काकू त्यावरच बसून जेवतात.