आईला भाकर पचत नव्हती

आमच्या डांगाणात पाऊस मृगाला येतो आणि दसऱ्यापर्यंत मुक्काम ठोकतो. डांगाण म्हणजे अकोले तालुक्याचा पश्चिमेकडचा, हरिश्चंद्रगड-रतनगडाच्या कुशीतला पट्टा. घाटघरला तर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. रानात दुपारीही अंधार. बाहेरच्या माणसाला वाटतं, एवढं पाणी, एवढी झाडी, इथं उपासमार कसली? पण आमच्याकडं उन्हाळ्यात कुणी उपाशी राहत नसे. करवंदं असायची, आंबे असायचे, उंबरं असायची, आणि बाळहिरडा वेचून राजूरच्या बाजारात घातला की चार पैसेही यायचे. उपास पडायचा तो पावसाळ्यात, सगळं हिरवंगार असताना.

कारण सरळ आहे. नागली, वरई, भात हातात येणार दसरा-दिवाळीच्या पुढं. मागचं धान्य मृगापर्यंत कणगीच्या तळाला गेलेलं. आणि वर्षातलं सगळ्यात जड काम, आवणी, नेमकं तेव्हाच. डोक्यावर इरलं, गुडघाभर चिखल, दिवसभर कंबर मोडलेली. बा सावकाराकडून दीडीनं धान्य आणायचा. मणाला सुगीत दीड मण परत. म्हणजे पुढच्या आषाढाची भूक याच आषाढात उसनी घेतलेली.

मग रान असायचं. पहिल्या पावसात ओढ्याचे मासे पाण्याच्या उलट चढून खाचरात यायचे, ते दोन-तीन दिवस चंगळ. त्यानंतर कोळूची भाजी, कुर्डू, तेरं, भारंगी. तेऱ्याला चिंच घातली नाही तर घसा खाजतो. भारंगी उकडून, पाणी पिळून टाकावं लागतं, तरी कडू ती कडूच. श्रावणात चाईचा मोहोर. रात्री बा टेंभा घेऊन खेकड्यांना जायचा, आणि खेकडे कुटून केलेलं कालवण घरात कुणी बाळंतीण असली की आधी तिला. हे शहाणपण आमच्या बायांना कुणी शिकवलं नव्हतं. पण एक सांगते, पालेभाजी कितीही गुणाची असली तरी तिनं पोट फुगतं, भरत नाही. वर तेल म्हणाल तर खुरासणीचं बोटभर. आवणीची ताकद कोळूतून येत नाही.

अगदीच काही नसलं की कडूकंद. तो विषारी. चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात उकडायच्या, पाटीत भरून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायच्या. घाई केली की उलट्या. आई एरवी सगळ्यांच्या शेवटी जेवायची, कडूकंद मात्र पहिल्यांदा तीच खायची. दोन चकत्या तोंडात टाकून चुलीपुढं बसून राहायची. आम्ही भावंडं तिच्या तोंडाकडं बघत. बऱ्याच वेळानं म्हणायची, "खा आता."

आणि भाकर ती खातच नसे. नागलीच्या भाकरी मोजून व्हायच्या. बाला दीड, आम्हाला अर्धी-अर्धी. ती ताटलीत नुसती भाजी घेऊन बसायची. मी विचारलं तर म्हणायची, "मला नाय पचत नागली. पोटात दुखतं." माझा त्यावर पक्का विश्वास. मी शेजारच्या काकूलाही सांगितलं होतं, आमच्या आयला भाकर पचत नाय. काकू माझ्याकडं बघून गप्प बसली.

दिवाळीनंतर नागलीची मळणी झाली. त्या दिवशी आईनं भाकरी थापल्या, मोजल्या नाहीत. सगळ्यांचं झाल्यावर ती खुरासणीची चटणी घेऊन बसली आणि एकामागून एक तीन भाकरी खाल्ल्या. मी दारातून बघत होते. सात-आठ वर्षांची असेन. मी विचारलं, "आय, आता कशी पचती गं?"

तिनं घास तसाच हातात धरला. मग हसली आणि म्हणाली, "नवी नागली हाय ना, ती हलकी असती." मला तेही खरं वाटलं.

मला ते कळायला अंगणवाडीचा वजनकाटा हातात यावा लागला. 1991 साली मी सेविका झाले. रजिस्टरमध्ये दर महिन्याला मुलांची वजनं लिहायची. आषाढ-श्रावणात वाढीची रेघ आडवी व्हायची, काही पोरांची खालीही यायची. त्यात पावसाचं गढूळ पाणी, हगवण. एकदा वरून आलेले साहेब ते बघून म्हणाले, "यांच्यात अज्ञान फार." मी काही बोलले नाही. नोकरी नवी होती. आज बोलले असते.

आता रेशन आहे, कणगीचा तळ पहिल्यासारखा दिसत नाही. पण रेशनचा तांदूळ आला तशी उतारावरची नागली कमी झाली. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, तांदळात त्याच्या पासंगालाही पुरणार नाही एवढं. आता शहरात नागलीची बिस्किटं आवडीनं घेतात. मध्ये एका रानभाजी महोत्सवात मी भारंगी घेऊन बसले होते. एक बाई म्हणाल्या, "किती नशीबवान तुम्ही, सगळं नैसर्गिक खाता!" भाजी चांगलीच आहे, मीही आवडीनं खाते. फक्त शेजारी भाकर असली पाहिजे.

2015 नंतर आमच्या भागात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण सुरू झालं. अमृत आहार. अंगणवाडीतच बसून जेवायचं. बाया म्हणतात, "बाई, डबा द्या, घरी नेते." मी देत नाही. घरी गेलेल्या डब्याचं काय होतं ते मला ठाऊक आहे.

परवा श्रावणात एक सून आली, सातवा महिना. दंडावरचं मांस बघूनच मला अंदाज येतो. भात खाल्ला, आमटी खाल्ली, आणि उकडलेलं अंडं हळूच पदरात घेतलं. थोरली पोर दाराबाहेर उभी होती.

म्हटलं, "अंडं खाल्लं नाहीस?"

"मला नाय पचत, बाई."

मी आत जाऊन आणखी एक अंडं आणलं आणि पोरीच्या हातावर ठेवलं. मग त्या सुनेसमोर मांडी घालून बसले. बाहेर धो धो पाऊस चालला होता. म्हटलं, "खा आता. मला काही घाई नाही."