नाव घेऊन दिलेला निरोप

काही महिन्यांपूर्वी निलंगा परिसरातील आमच्या एका कुटुंबातले वृद्ध गृहस्थ प्रभूच्या घरी गेले. अंत्यविधीची वेळ ठरविताना त्यांचा थोरला मुलगा मला म्हणाला, "फादर, अर्ध्या तासात उरकता येईल का? रात्रीच पुण्याला परतायचंय. गेलेल्या माणसाला आता काय कळतंय?" त्याच्या बोलण्यात अनादर नव्हता. दवाखान्याच्या फेऱ्यांनी थकलेल्या माणसाची ती घाई होती. तरीही त्याचा प्रश्न माझ्या मनात रुतून बसला. अंत्यविधी नेमका कोणासाठी असतो?

या प्रश्नाचे उत्तर मी सेमिनरीत वाचले होते. उमगले मात्र ते याच मातीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणरायाला निरोप देऊन गावे नुकतीच निजली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ ते दहा हजार माणसे दगावली. मी त्या वेळी विशीतला ब्रदर होतो आणि मदतकार्यासाठी आलो होतो. प्रेते इतकी होती, की प्रत्येकाची वेगळी चिता रचणे शक्यच नव्हते. पडलेल्या घरांचीच लाकडे रचून कित्येकांना एकत्र अग्नी द्यावा लागला. त्यात दोष कोणाचाच नव्हता.

पुढे काही दिवसांनी पत्र्याच्या निवाऱ्यापाशी बसलेली एक माय मला म्हणाली, "बाबा, कोणच्या राखंला हात जोडू? माझ्या लेकीचं नावसुदीक कुणी घेतलं नाही." माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी तिच्याजवळ बसलो आणि लेकीचे नाव विचारले. ते तिने सांगितले, आणि मग कितीतरी वेळ ती बोलत राहिली, रडत राहिली. छप्पर, धान्य, औषधे तिला मिळाली होती. निरोप तेवढा द्यायचा राहून गेला होता.

ख्रिस्तसभेने ही मानवी गरज ओळखली आहे. मृतांना मूठमाती देणे हे आपल्याकडे दयेच्या कृत्यांत गणले जाते. टोबीताने निनवे नगरीत जीव धोक्यात घालून ते केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली सांगितले, की अंत्यविधीतून ख्रिस्ती मरणाचे पास्कास्वरूप अधिक स्पष्ट व्हावे आणि त्या त्या प्रदेशाच्या परंपरांशी तो सुसंगत असावा. त्यानुसार १९६९ साली नवा विधी आला. घर, मंदिर आणि दफनभूमी हे त्याचे तीन टप्पे. शोकाकुल माणसाला एका क्षणात निरोप देणे जमत नाही. म्हणून ख्रिस्तसभा त्याला पायरीपायरीने, हात धरून नेते. शवपेटीवर शिंपडलेले पाणी बाप्तिस्म्याची आठवण देते. मृतासाठी आपण प्रार्थना करतो, तेव्हा त्याच्यासाठी अजूनही काही करता येते हा दिलासा जिवंतांना मिळतो.

पण विधी पुस्तकाबरहुकूम झाला म्हणजे तो अर्थपूर्ण झालाच, असे नव्हे. धर्मगुरू झाल्यावर सुरुवातीच्या काळात माझे अंत्यविधीचे एक ठरलेले प्रवचन असे. एकदा दफनानंतर एक विधवा भगिनी नम्रपणे म्हणाली, "फादर, लई चांगलं बोललात. पण त्यात आमचे हे कुठंच नव्हते." त्या रात्री मला झोप लागली नाही. प्रवचन म्हणजे मृताचे गुणगान नव्हे, हे खरे; परंतु देवाने ज्याला नावाने हाक मारली, त्याला आपण निनावी पाठवणे हेही योग्य नव्हे. तेव्हापासून मी आदल्या संध्याकाळी त्या घरी जाऊन बसतो आणि ऐकतो.

२०२० साली करोनाच्या साथीत पुन्हा तेच दुःख दारी आले. कित्येकांना आपल्या माणसाचे मुखही पाहता आले नाही. पुढे निर्बंध उठल्यावर आम्ही त्या सर्वांसाठी ख्रिस्तयाग अर्पण केला आणि एकेक नाव सावकाश उच्चारले. प्रत्येक नावासरशी कोणीतरी उठून मेणबत्ती लावी. उशिरा का होईना, निरोप दिला गेला.

त्या मुलालाही मी घाईने उत्तर दिले नाही. "वडिलांविषयी थोडं सांगशील?" एवढेच विचारले. आम्ही ओसरीवर बसलो. वडील दर रविवारी सर्वांच्या आधी येऊन मंदिराचे अंगण झाडीत, हे सांगताना त्याचा कंठ दाटून आला. विधीला दीड तास लागला आणि त्यांची गाडी चुकली. दफनभूमीत त्याने एक मूठ माती टाकली, मग पुन्हा वाकून दुसरी घेतली. म्हणाला, "ही ताईची. तिला येता आलं नाही."

येशूला पुनरुत्थान ठाऊक होते, तरी लाजराच्या कबरेपाशी तो रडला. मग आपणच का घाई करावी? दरवर्षी २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनी मी कबरींवर आशीर्वाद देतो, तेव्हा किल्लारीच्या त्या लेकीचे नावही मनोमन घेतो. तिची कबर नाही, पण देवापाशी तिचे नाव आहे.