इंद्रीचे लघु-गुरू

लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. वृत्तविचाराची ही बाराखडी आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. हे एकास दोनचे प्रमाण मादागास्करच्या पूर्वेकडील पर्जन्यवनातही आढळावे, याचे नवल आम्हांला अजून ओसरलेले नाही.

तिथला इंद्री हा लेमर सकाळी उंच झाडावरून सहकुटुंब गातो. बारा वर्षांच्या ध्वनिमुद्रणांवर आधारलेला एक अभ्यास २०२१ मध्ये 'करंट बायॉलॉजी'त प्रसिद्ध झाला. इंद्रीच्या स्वरांमधली अंतरे एकास एक आणि एकास दोन या दोन प्रमाणांभोवती गोळा होतात, असे त्यात दिसले. नराची गती वेगळी, मादीची वेगळी. प्रमाण मात्र दोघांचे एकच. २०२० मध्ये त्याच नियतकालिकात थ्रश नाइटिंगेल या युरोपातल्या सर्रास आढळणाऱ्या पक्ष्याच्या गाण्यातही लयीचे असे ठरावीक गट दाखवले गेले होते. पक्षी आणि सस्तन प्राणी यांच्या वाटा तीस कोटी वर्षांपूर्वीच फुटल्या. तेव्हा हा वारसा एकाच पूर्वजाकडून आला असेल असे वाटत नाही. दोघेही आपापल्या वाटेने लयीपाशी पोचले असावेत.

आता साहित्यातला भेद पाहावा. नाइटिंगेलवर कवींनी किती शाई खर्च केली! आपण तर सरोजिनी नायडूंसाठी त्या शब्दाची 'कोकिळा' करून मोकळे झालो. गातो तो कोकीळ, कोकिळा नव्हे, हा तपशील कुणाला अडला नाही. इंद्रीच्या वाट्याला जगाच्या काव्यात जवळजवळ काहीच आले नाही. त्याच्या मुलखात मात्र तो 'बाबाकोटो' आहे, माणसाचा नातलग. त्याला मारणे तिथल्या परंपरेत निषिद्ध मानले गेले, आणि कित्येक पिढ्या या कथांनीच त्याला राखले.

तो निर्बंध आता सैल होत आहे. शेतीसाठी जंगल जाळले जाते, शिकारही होते. नाइटिंगेलची चिंता करण्याचे तूर्त कारण नाही. इंद्री मात्र 'अतिसंकटग्रस्त' यादीत आहे. पिंजऱ्यात ठेवून त्याला वाचवावे, तर प्राणिसंग्रहालयात तो आजवर टिकलेला नाही. मादीला पिल्लू होते तेही दोन-तीन वर्षांतून एकदा, आणि एकच.

यंदा भुजंगप्रयाताआधी आम्ही वर्गात इंद्रीचे ध्वनिमुद्रण ऐकवले. मुलांनी सवयीने बोटांवर मात्रा मोजल्या. शेवटाकडे लय संथ होत जाते, तिथे मोजणारी बोटे थांबली.